अक्षराविना विसर्ग

मारिकाने पान लिहायला घेतलं तेव्हा समुद्र गोठायचा होता.
हीउमा बेटापासून एस्टोनियाच्या काठापर्यंत
सव्वीस किलोमीटर पाणी,
फेब्रुवारीत त्याचा रस्ता होतो.
होतो म्हणजे, झाला तर होतो.
बर्फ किती जाड, एवढंच त्या पानाने सांगायचं.

पहिल्या खेपेला पान दर पाच सेकंदांनी विचारायचं:
काही नवीन?
नाही.
काही नवीन?
नाही.
मागच्या सीटवरच्या पोरासारखं.
आणि बेटावर नऊशे फोन, म्हणजे नऊशे पोरं.
बंदरातल्या खोलीत जुना सर्व्हर
मध्यरात्री तापाने फणफणला.
याला आधी गप्प बसून ऐकायला शिकवू, मारिका म्हणाली.

मग पानाने एकदाच विचारलं
आणि फोन ठेवलाच नाही.
असं समजा, कुणी नंबर लावला, 'आहे मी इथे' म्हटलं,
रिसीव्हर टेबलावर उताणा ठेवला
आणि बटाटे सोलायला घेतले.
पलीकडचा बोलेल तेव्हा बोलेल.

पण शांततेचा काय भरवसा?
गप्प असलेला आणि गेलेला
तारेच्या या टोकाला सारखेच ऐकू येतात.
म्हणून दर पंधरा सेकंदांनी सर्व्हर एक ओळ धाडतो,
जिच्यात काहीच नसतं:
नुसती दोन टिंबं, एकावर एक,
पुढे कोरं.
पान ती वाचतं आणि टाकून देतं.

आमच्याकडे याला विसर्ग म्हणतात, मी म्हणालो.
म्हणजे?
सोडलेला श्वास. शब्दाच्या शेवटी येतो,
कधी मधेच. दुःखात असतो.
आणि अक्षरच नसलं तर?
तर नाही येत.
इथे येतो, म्हणाली, आणि कॉफी प्यायली.

उर्मो रोज पहाटे गिरमिट घेऊन बर्फावर जायचा.
गाडीत पट्टा बांधायचा नाही, हा त्या रस्त्याचा नियम;
बर्फ फुटला तर सोडायला वेळ नसतो.
भोक पाडायचं, पट्टी बुडवायची,
आकडा धाडायचा. सव्वीस. सत्तावीस.
काठावरच्या घरात हेल्वे, त्याची बायको,
हातमोजे विणताना
टाके सोडून आकडे मोजायची.

एकोणीस फेब्रुवारी. नैऋत्येचा वारा.
मी तिच्याकडे जेवायला गेलो होतो.
पानावर सव्वीस, हिरव्या रंगात.
दहा मिनिटं सव्वीस.
चाळीस मिनिटं सव्वीस.
आज बर्फ चांगला धरलाय, मी म्हणालो.
(हे वाक्य मला अजून गिळता येत नाही.)
गावचा मनोरा पडला होता. टिंबं थांबली होती.
पानाला ते कळलंही होतं, फक्त
कळल्यावर काय करायचं
हे आम्ही त्याला कधी सांगितलं नव्हतं.

तार जुळली, तेव्हा पानाने 'काही नवीन?' विचारलं नाही.
म्हणालं: माझ्यापाशी शेवटचं पोचलं ते अकराशे सत्त्याऐंशी.
तिथून पुढचं सांग.
आणि सर्व्हरने, एकही न गाळता:
अकराशे अठ्ठ्याऐंशी. सातव्या खांबाजवळ तडा.
अकराशे एकोणनव्वद. बावीस.
अकराशे नव्वद. रस्ता बंद.
अकराशे एक्याण्णव. उर्मो पलीकडच्या काठावर, चालत. गाडी नाही.

हेल्वेने चारही वाचल्या, शेवटची दोनदा.
मग चाळीस मिनिटांचं विणलेलं सगळं उसवलं.
चुकलं होतं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मारिकाने एक रंग वाढवला, राखाडी.
टिंबं थांबली की आकडा राखाडी होतो
आणि खाली लिहून येतं: मला आत्ता माहीत नाही.
एवढं वाक्य लिहायला आम्हाला अर्धा हिवाळा लागला.

एप्रिलमध्ये रस्ता पाण्यात गेला.
आकडे नाहीत, उर्मो जाळी दुरुस्त करतो,
पण सर्व्हरच्या नोंदीत एक टॅब अजून उघडा दिसतो,
काठावरच्या घरातला.
बंद करू का, मी विचारलं.
असू दे, मारिका म्हणाली.

तिथे दर पंधरा सेकंदांनी
काहीच जात नाही,
अगदी वेळेवर.